दिंडी उतरते ते घर

पौष वद्य एकादशीच्या आधीचे चार दिवस त्र्यंबकात अशी थंडी असते की पहाटे कुशावर्त कुंडात उतरलेल्या माणसाला बाहेर आल्यावर बराच वेळ बोलता येत नाही. त्याच चार दिवसांत अकोले, इगतपुरी, सिन्नर, पेठ, सुरगाणा, पलीकडून जव्हार-मोखाडा अशा सगळ्या बाजूंनी दिंड्या गावात शिरू लागतात. पुढे पताका, मग डोक्यावर तुळस घेतलेली बाई, टाळ, एक मृदंग, आणि सगळ्यांत मागे पूर्वी बैलगाडीत आणि आता टेम्पोत वळकट्या नि पिठाची पोती. आमच्या घरी अकोले तालुक्यातली एक दिंडी उतरते. आजोबांच्या वेळेपासून उतरते. ती आमच्याकडेच का, याचा कागद कुठेही नाही. पुरोहितांच्या नामावळ्यांत यजमानांच्या पिढ्यान्‌पिढ्यांची नावे मोडीत लिहिलेली सापडतात, पण दिंडी आणि घर यांच्या नात्याची वही कोणी ठेवली नाही. थोरल्या आणि धाकट्या चुलत्यांत घराची वाटणी झाली तेव्हा भांडी मोजली गेली, गाय कोणाकडे ते ठरले, आणि मग आजीने विचारले, ‘दिंडी कोणाकडे?’ त्या प्रश्नावर वाटणी दोन दिवस अडली होती.

श्रद्धा, सोबत आणि बिघडलेल्या राजकीय काळात नागरिकाची जबाबदारी, असा विषय संपादकांनी दिला. मोठा विषय आहे, आणि मी त्याकडे माझ्या ओसरीवरूनच पाहणार. गेली चाळीस वर्षे मी भेटेल त्याला सांगत आलो आहे की या गावाचा खरा वारसा बारा वर्षांनी येणारा सिंहस्थ नाही, दर पौषात येणारी निवृत्तीनाथांची यात्रा आहे. काही विद्वान मित्रांना हे खेडवळपणाचे वाटते. वाटो.

इतिहास सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून भरभर पुढे जातो. नानासाहेब पेशव्यांनी १७५५ च्या सुमारास त्र्यंबकेश्वराच्या देवळाचे काम सुरू केले, ते १७८६ पर्यंत चालले. कुशावर्ताचे दगडी बांधकाम होळकरांचे फडणीस पारनेरकर यांचे. अठराव्या शतकाच्या अखेरीला सिंहस्थात स्नानाच्या मानावरून संन्यासी आणि बैरागी यांच्यात रक्तपात झाला, तेव्हा पेशव्यांनी शैवांना त्र्यंबक आणि वैष्णवांना नाशिक अशी विभागणी करून दिली. ती आजही चालते. १८१८ मध्ये इथला किल्ला इंग्रजांनी घेतला, डिसेंबर १८५७ मध्ये भिल्ल-ठाकरांनी इथल्या खजिन्यावर हल्ला केला, पुढे नगरपालिका आली. या सगळ्यात मला एकच गोष्ट लक्षात ठेवावीशी वाटते. हातात शस्त्र असलेल्या, एकाच गंगेला नमस्कार करणाऱ्या दोन पंथांना एका घाटावर नांदवणे राज्यकर्त्याला जमले नाही. त्याला घाटच वेगळे करावे लागले.

पौषातल्या यात्रेला घाट वेगळे करावे लागले नाहीत. कारण तिचा पाया मानावर नाही, उतरण्याच्या जागेवर आहे.

निवृत्तीनाथांची कथा आठवा. संन्याशाची मुले म्हणून ज्यांना वाळीत टाकले त्या चार भावंडांतला हा थोरला. ब्रह्मगिरीच्या प्रदक्षिणेत वाघ आडवा आला, ताटातूट झाली आणि पोर गहिनीनाथांच्या गुहेत पोचले, अशी परंपरा सांगते. तिथे मिळालेले त्याने धाकट्या भावाला दिले आणि तो भाऊ ज्ञानेश्वर झाला. शके १२१९ मध्ये, म्हणजे १२९७ साली, धाकट्यांची सगळ्यांची पाठवणी करून निवृत्तीनाथांनी याच डोंगराच्या पायथ्याशी समाधी घेतली. ज्याच्यासाठी दारे बंद झाली होती, त्याच्या नावाने त्र्यंबकातली दारे पौषात उघडतात. माझ्या आईने हे मला कधी शब्दांत सांगितले नाही. ती दिंडी यायच्या आदल्या दिवशी पडवी सारवायची आणि चुलीजवळ लाकडे रचून ठेवायची, एवढेच.

या व्यवहाराचे नियम होते आणि ते सगळ्यांना पाठ होते. घराने जागा, पाणी आणि सरपण द्यायचे. पीठ-मीठ दिंडीने आणायचे, कोणावर भार टाकायचा नाही. एकादशीला भगर, रताळी, शेंगदाणे. द्वादशीला बारस सोडायची ती घरच्यांनी आणि दिंडीने एका पंगतीत. निघताना दिंडीतल्या बायका ओटा झाडून, शेणाचा सडा घालून जायच्या. घरात भांडण असो, सुतक असो, दिंडीने घर बदलायचे नाही आणि घराने दिंडीला नाही म्हणायचे नाही. सुतक असेल तर शेजारी स्वयंपाकाचे पाहायचा. आळीतल्या पोरांना आडावर रहाट ओढण्याच्या पाळ्या लावलेल्या असत. मी माझ्या पाळीला हातांना फोड येईपर्यंत ओढले आहे. तेव्हा यात्रेत कॉलऱ्याची भीती खरी होती, लस टोचून घेतल्याशिवाय गावात सोडत नसत. डोंगरातल्या म्हाताऱ्या सुईला घाबरून रस्त्यातच बसून घ्यायच्या. मग ज्या घरी त्यांची दिंडी उतरायची त्या घरातल्या बायका नाक्यापर्यंत चालत जायच्या, आपला दंड आधी पुढे करायच्या, आणि मग म्हातारी उठायची. आरोग्य खात्याच्या अहवालात लसीचे आकडे असतील. ती लस कशी टोचली गेली, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

इथे एक जुना वाद काढतो. विश्वनाथ काशिनाथ राजवाड्यांनी संतांवर ठपका ठेवला की त्यांनी लोकांना टाळ कुटत बसवले आणि कर्तेपणापासून दूर नेले. न्यायमूर्ती रानडे, जे आमच्याच जिल्ह्यातल्या निफाडात १८४२ साली जन्मले, त्यांनी १९०० साली मराठी सत्तेच्या उदयावर लिहिताना नेमके उलट मांडले. मी रानड्यांच्या बाजूचा. पण रानडेही वरून पाहत होते, संतांच्या शिकवणीतून राष्ट्र कसे घडले ते शोधत होते. मला खालची गोष्ट महत्त्वाची वाटते. वर्षातून चार रात्री अनोळखी तालुक्यातली, अनोळखी जातीची तीस माणसे आपल्या छपराखाली झोपवण्याची सवय माणसाला काय करते, ते पाहिले पाहिजे. अलीकडे काही लेखक पुन्हा तोच ठपका नव्या भाषेत ठेवतात. वारकरी राजकारणात भोळा असतो, श्रद्धेने माणूस आज्ञाधारक होतो, असे ते लिहितात. त्यांच्यापैकी कोणी पौषात ओसरीवर झोपले आहे का, एवढेच मला विचारायचे आहे. आणि दुसऱ्या टोकाला जे म्हणतात की श्रद्धा म्हणजे एकजूट आणि एकजूट म्हणजे कोणाच्या तरी विरोधात उभे राहणे, त्यांनाही माझा हाच प्रश्न आहे.

जानेवारी १९७६. आणीबाणी लागून सात महिने झालेले. नोव्हेंबरपासून चाललेला लोक संघर्ष समितीचा सत्याग्रह नुकताच संपला होता आणि नाशिकरोडचे कारागृह भरलेले होते. आमच्या शेजारचे काका सत्याग्रह करून आत गेले होते. माझे वडील खादी घालणारे, जुने काँग्रेसवाले. दोघांत राजकारणावरून वीस वर्षे वाद चाललेला, कधी कधी कडवट. शेजारच्या घरी इगतपुरी भागातली दिंडी उतरायची. काकू दोन मुलांसह एकट्या होत्या, आणि गावात कुजबूज होती की त्या घरात जो जाईल त्याचे नाव लिहिले जाईल. दिंडीचे विणेकरी म्हातारे होते, लिहिता-वाचता न येणारे. त्यांना गावाच्या वेशीवरच कोणीतरी सांगितले की यंदा दुसरीकडे उतरा, धर्मशाळेत जागा आहे. त्यांनी ऐकून घेतले आणि नेहमीच्या वाटेने शेजारच्या दारात येऊन पताका टेकवली. वडील संध्याकाळी आमच्या आडाचा पोहरा घेऊन त्यांच्या हंड्यात पाणी भरायला गेले. मला म्हणाले, ‘तू सरपण ने.’ मी तेव्हा नुकताच मास्तर झालो होतो, नोकरी नवी होती, आणि मला भीती वाटली. मी सरपण नेले, पण अंधार पडल्यावर. वडील उजेडात गेले होते.

द्वादशीच्या पंगतीत वडिलांनी काकांच्या पाटावर त्यांच्या धाकट्या मुलाला बसवले आणि स्वतः वाढायला उभे राहिले. मार्च १९७७ नंतर काका परत आल्यावर दोघांचे वाद पुन्हा सुरू झाले, पूर्वीइतकेच जोरात. वडिलांनी पक्ष बदलला नाही, काकांनीही नाही. वडील गेले तेव्हा त्यांना खांदा देणाऱ्यांत काका पहिले होते.

मात्र ही सोबत दारापर्यंत येऊन थांबते, हे ज्यांनी सांगितले त्यांचे ऋण मला मान्य केलेच पाहिजे. आमच्या या पंगतीत जात बसत होती. माझ्या लहानपणी काही दिंड्या गावाच्या कडेला, झाडाखाली उतरायच्या, आणि त्यांना घर का नाही हे मी कधी विचारले नाही. मंगळवेढ्याच्या गावकुसाखाली गाडल्या गेलेल्या चोखोबांची समाधी पंढरपुरात महाद्वाराच्या पायरीशी आहे, आत नाही. काळाराम सत्याग्रहाच्या थोडे आधी इथे, त्र्यंबकातच, चोखामेळ्याचे देऊळ बांधावे का याचा विचार करायला बाबासाहेब आंबेडकरांच्या उपस्थितीत बैठक भरली होती. देऊळ बांधायचे नाही, अस्पृश्यता घालवण्यासाठी झटणे हेच चोखोबांचे खरे स्मारक, असे तिथे ठरले. आमच्या गावच्या माहितीपत्रकांत या बैठकीचा उल्लेख मी कधी वाचला नाही. मग २ मार्च १९३० ला नाशिकला काळारामाच्या दारात सत्याग्रह उभा राहिला. दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावचे दादासाहेब गायकवाड त्याचा कणा होते. पाच वर्षे दार उघडले नाही, आणि १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. नाशिक जिल्ह्याच्या श्रद्धेचा इतिहास लिहिताना जो हे प्रकरण चार ओळींत उरकतो, त्याचे लेखन मी बाजूला ठेवतो.

दार आतून उघडणारेही झाले. नाशिकच्याच तुरुंगात १९३३ च्या फेब्रुवारीत ‘श्यामची आई’ लिहिणाऱ्या साने गुरुजींनी १ मे १९४७ ला पंढरपुरात विठ्ठलमंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून उपोषण सुरू केले. त्याआधी त्यांनी महाराष्ट्रभर दौरा केला होता, गावोगावची देवळे आणि विहिरी उघडून घेतल्या होत्या. पंढरपुरात त्यांच्याविरुद्ध वातावरण तापलेले असताना तनपुरे महाराजांनी आपला मठ त्यांना उपोषणासाठी दिला. या एका कृतीवर मी शाळेत दर वर्षी एक तास घेत असे. मुलांना गुरुजी माहीत असतात. ज्याने जागा दिली तो माहीत नसतो. उपोषण दहा दिवस चालले, मंदिर खुले झाले. गुरुजींनी जीव पणाला लावला, हे खरेच. पण आपल्याच संप्रदायातल्या माणसांचा रोष पत्करून ज्याने ‘इथे बसा’ म्हटले, तो माझ्या मते पौषातल्या त्या विणेकऱ्यांच्या घराण्यातला.

गाडगे महाराज तर गावात शिरताच आधी झाडू घ्यायचे आणि मग कीर्तनाला उभे राहायचे. त्यांनी नाशिकला, पंढरपूरला धर्मशाळा उभ्या केल्या आणि पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा १९४९ साली बाबासाहेबांच्या शिक्षणसंस्थेकडे सोपवली. ते २० डिसेंबर १९५६ ला गेले, बाबासाहेबांच्या मागोमाग चौदा दिवसांनी. त्याच तारखेला तिकडे अमेरिकेत, माँटगोमेरी शहरात, काळ्या लोकांनी चालवलेला बसबहिष्कार ३८१ दिवसांनी संपला. मार्टिन ल्यूथर किंग यांची भाषणे सगळे जण आठवतात. पण तो बहिष्कार वर्षभर तगला तो चर्चमधल्या माणसांनी आपल्या मोटारी आळीपाळीने लावल्या, कोणाला कोठून उचलायचे, कोठे सोडायचे याची व्यवस्था चालवली म्हणून. हे वाचले तेव्हा मला आमच्या आळीतल्या रहाटाच्या पाळ्या आठवल्या.

१९९३ ची पौष एकादशी जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात आली. मुंबई पेटलेली होती. आमच्याकडे वीज असली तरी यात्रेत ती हमखास जायची, म्हणून दिंड्या भजनासाठी पेट्रोमॅक्सच्या बत्त्या भाड्याने घ्यायच्या. त्या देणारे चाचा पंचवीस वर्षे हाच धंदा करत होते. कोणत्या दिंडीला किती बत्त्या, कोणाची मागची बाकी, सगळे तोंडपाठ. त्या वर्षी ते दुकान उघडेनात. आमच्या दिंडीचे चोपदार त्यांच्या घरी गेले आणि चाचांना व बत्त्यांना घेऊन आले. एवढेच सांगितले तर गोष्ट गोड होते, पण तेवढीच ती नव्हती. दोन दिंड्यांनी त्या वर्षी त्यांच्याकडून बत्त्या घेतल्या नाहीत. त्यांच्यातले एक जण माझे विद्यार्थी होते, माझ्यासमोर उभे राहून ‘यंदा नको’ म्हणाले. मी त्यांना काही बोललो नाही. बोलायला हवे होते. चाचांनी त्या बत्त्या विझवून भिंतीशी रांगेत ठेवल्या, आणि पुढच्या वर्षापासून धंदाच बंद केला. मुलाने घड्याळदुरुस्तीचे दुकान टाकले.

म्हणून १३ मे २०२३ ला काय झाले याबद्दल बाहेरच्या वाहिन्या गावाला शिकवू लागल्या तेव्हा मला राहवले नाही. उरुसाच्या संदलची मिरवणूक देवळाच्या उत्तर दारापाशी आली, धूप दाखवण्यावरून वाद झाला, गुन्हा नोंदला गेला, सरकारने विशेष तपास पथक नेमले. स्थानिक मुसलमान म्हणत होते की पायरीपाशी उभे राहून धूप दाखवायची रीत जुनी आहे. देवस्थान म्हणत होते की अशी प्रथा नाही आणि आत हिंदूंनाच प्रवेश आहे. निवाडा करणे माझे काम नाही. पण आधी गावकऱ्यांनी एकत्र बसायचे की आधी कॅमेरे लावायचे, यावर माझे मत आहे. गावातली दोन्हीकडची माणसे बसलीही. देशाने पाहिले ते मात्र बाहेरून आलेल्यांनी केलेले शुद्धीकरण. बारा-पंधरा हजार वस्तीचे हे गाव, इथे प्रत्येकाला प्रत्येकाचे घर माहीत आहे. तेवढ्या वस्तीचा तंटा दिल्लीपर्यंत जातो, तेव्हा त्यातले माणसाचे नाव पुसले जाते आणि फक्त धर्माचे उरते.

२०१६ चा एप्रिलही मी विसरलेलो नाही. विद्या बाळ आणि नीलिमा वर्तक यांच्या याचिकेवर उच्च न्यायालयाने १ एप्रिलला स्पष्ट केले की १९५६ च्या कायद्यानुसार मंदिरप्रवेशात स्त्री-पुरुष भेद करता येत नाही. तरी गाभाऱ्यात जाऊ पाहणाऱ्या बायकांना आमच्या गावात धक्काबुक्की झाली. ज्या गावातल्या बायका लसीच्या नाक्यावर दंड पुढे करायच्या, त्या गावात. मी त्या आठवड्यात दोन सभांत बोललो आणि बरेच शेजारी काही महिने माझ्याशी बोलले नाहीत.

आता आजचे. गोदावरी उगमाच्या गावातच सिमेंटच्या स्लॅबखाली गेली आहे. ब्रह्मगिरीवरून आलेली माणसे विचारतात, नदी कुठे आहे? तर त्यांना रस्ता दाखवावा लागतो. घरे लॉज झाली. पौषातही खोलीचे भाडे सांगितले जाते, आणि ज्या पोरांच्या पणज्यांनी दिंडीसाठी वाटणी अडवली ती पोरे दिंडीला ‘ग्रुप’ म्हणतात. सप्टेंबर २०२५ मध्ये गावात शिरणाऱ्या गाड्यांचे पैसे वसूल करणाऱ्यांनी बातमीसाठी आलेल्या पत्रकारांना मारहाण केली. ज्या वेशीवर पाहुण्याला पाणी विचारायचे, तिथे पावतीपुस्तक आणि काठी उभी होती. २ ऑगस्ट २०२७ च्या पहिल्या अमृतस्नानासाठी कोट्यवधींचे आराखडे झाले आहेत, रस्ते रुंद होतील, घाट लांबतील. २००३ च्या सिंहस्थात २७ ऑगस्टला नाशिकमध्ये चेंगराचेंगरीत ३९ माणसे गेली, तेव्हाही आराखडे होते. गर्दीत पडलेल्याला हात देणारा, त्याला नावाने ओळखणारा कोणी शेजारी असावा लागतो. पौषात दिंडीतले म्हातारे हरवले तर तासाभरात सापडतात, कारण विचारणारा एवढेच सांगतो की आम्ही अमक्यांच्या घरी उतरलो आहोत.

आणि ज्या गावांतून दिंड्या येतात ती गावे? याच तालुक्यातल्या शेंद्रीपाड्याच्या बायका तास नदीच्या घळीवर टाकलेल्या लाकडी बल्ल्यांवरून डोक्यावर हंडे घेऊन जात होत्या. छायाचित्रे छापून आली, जानेवारी २०२२ मध्ये लोखंडी पूल झाला, मंत्री येऊन गेले. जुलैत पुराने तो पूल वाहून गेला. महाराष्ट्रातल्या सर्वांत जास्त पावसाच्या पट्ट्यांपैकी हा एक, आणि दर वर्षी मार्चपासून इथल्या पाड्यांवर पाणी नसते. यात्रेत या बायका आमच्या आडाचे पाणी पितात तेव्हा त्या पाण्याची वाट आपण उलटी चालत गेलो पाहिजे, असे मी आमच्या मंडळात वारंवार मांडले. दोनदा गेलो. आठ जण होतो. एका पाड्यावर झऱ्याभोवती दगडाचे कुंपण घातले, दुसऱ्या वेळी पाटबंधाऱ्याच्या कचेरीत अर्ज दिला, त्याची पोच माझ्याकडे आहे. मंडळातले एक सन्मान्य सदस्य म्हणाले की हे काम सरकारचे, आपण नामस्मरण करावे. त्यांच्या नामस्मरणाबद्दल मला आदर आहे. मी मात्र पोच घेऊन पुन्हा कचेरीत जाणार आहे, आणि या वेळी दिंडीतल्या दोन बायका बरोबर येणार आहेत. त्यांनीच तसे सुचवले.

२०२६ ची पौष वद्य एकादशी आणि संक्रांत एकाच दिवशी आल्या, १४ जानेवारीला. त्याआधी अकोल्याहून चोपदारांचा फोन आला. त्यांचे वडील चोपदार होते, तेच चाचांना घेऊन आले होते. यंदा अठ्ठावीस माणसे आहेत, दोन म्हाताऱ्यांना गुडघ्याचा त्रास आहे, त्यांना खाटा लागतील, असे ते म्हणाले. मग फोन बायकोने घेतला, कारण पलीकडून त्यांच्या आईला विचारायचे होते की एकादशीच्या उपासाला तिळगूळ चालतो का. बायको म्हणाली, ‘अहो, एकादशीचे नावच षट्‌तिला आहे. तीळ घेऊनच या, गूळ मी आणून ठेवते.’